सूर्याखाली किती

आमच्या ऑफिसात माझ्या एका प्रोग्रॅमला सगळे ‘बाई’ म्हणतात. ‘बाई चिडली’, ‘बाईनं अडवलं’, ‘आधी बाईला दाखव’. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, बाई म्हणजे मीच. वाटू दे. ऑफिसात येण्याआधी आठ वर्षं मी बीडच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे, तेव्हाही माझं नाव कुणी घेत नव्हतं, बाईच म्हणायचे. वही अर्धवट दिसली की मी ती तशीच परत करायचे, पोरं मागं बोटं मोडायची आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण करून आणायची. माझं डोकं तापट आहे, हे मी नाकारत नाही. पण चूक दिसली की मला राहवतच नाही, त्याला मी काय करू?

ऑफिस म्हणजे काही काचेची इमारत नाही. बसस्टँडपासून रिक्षानं पाच मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्या आणि आम्ही सहाजण. मोबाइलची ॲप बनवतो. माझ्याकडं चित्रांचं काम. लोकांना वाटतं, चित्रात काय एवढं, काढलं आणि चिकटवलं. अहो, तसं असतं तर मी कशाला एवढी कावले असते! ॲपमधल्या प्रत्येक चित्राची वेगळी फाईल असते आणि प्रत्येक फाईलला चार गोष्टी बजावून ठेवाव्या लागतात. लहान फोनवर कुठलं माप, मोठ्या फोनवर कुठलं. चित्राचे रंग आहेत तसे ठेवायचे की सगळं एकाच रंगात रंगवून टाकायचं. आणि फोनची भाषा उर्दूसारखी उजवीकडून वाचायची असली, तर चित्र आरशात बघितल्यासारखं उलटायचं की नाही. या शेवटच्या सेटिंगला आम्ही ऑफिसात ‘आरसा’ म्हणतो. आरसा चालू किंवा आरसा बंद, एवढंच.

चित्रं चारेकशे. सुरुवातीला मी हे सगळं रजिस्टर घेऊन हातानं तपासायचे. मग एकदा गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या आमच्या ॲपमध्ये कुणीतरी गोळ्यांच्या चित्रांवर ‘एकाच रंगात रंगव’ असं करून ठेवलं आणि गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या सगळ्या गोळ्या राखाडी झाल्या. औषध गोळीच्या रंगावरून ओळखणाऱ्या माणसानं काय करायचं मग? ॲप बाहेर जायच्या आदल्या दिवशी माझ्या नजरेला आलं म्हणून वाचलो. मी तिथल्या तिथं ठरवलं, आता माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. दोन आठवडे बसून प्रोग्रॅम लिहिला. कुणी काहीही बदललं की तो सगळ्या चित्रांवरून फिरतो, प्रत्येकाच्या सेटिंग बघतो आणि चूक दिसली की लाल अक्षरांत नाव छापतो. लाल आहे तोवर ॲप बाहेर जात नाही. पहिल्याच दिवशी त्यानं सत्तावीस नावं लाल केली, तेव्हापासून तो ‘बाई’.

हे गोळ्यांचं ॲप मुळात माझ्या आप्पांच्या पुडीतून निघालं. आप्पा म्हणजे माझे वडील, वडवणीला त्यांचं मेडिकल स्टोअर आहे. गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालून देतात त्याला ते पुडी म्हणतात. त्या पुडीवर आप्पा पेनानं एक सूर्य काढतात, त्याच्या बाजूला चंद्रकोर, आणि दोघांच्या खाली जितक्या गोळ्या तितके गोल. सूर्याखाली दोन गोल म्हणजे सकाळी दोन. वाचता येवो न येवो, गडबड होत नाही. कारखान्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सहा महिन्यांच्या पुड्या बांधून न्यायच्या आणि आल्यावर म्हणायच्या, ‘आप्पा, तुमचा सूर्व्या लई कामाला आला.’

मी तेच ॲपमध्ये घेतलं. वरच्या चित्रात सूर्य आणि चंद्र, खालच्या चित्रात गोळ्या. गोळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून ते चित्र वेगळं ठेवलं, ज्याचा जसा डोस तसं खाली येतं. वेळ झाली की फोन वाजतो आणि अख्ख्या स्क्रीनभर ही दोन चित्रं दिसतात. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये डोस भरून द्यायचं काम दुकानदार करतात. आप्पा आधी कुरकुरले, ‘माझी पुडी काय वाईट हाय?’ मी म्हणाले, पुडी वाजते का? मग म्हणाले, ‘दाखव बघू.’

दुकानासमोर चाचांचं शिलाईचं दुकान आहे. माझा शाळेचा पहिला गणवेश चाचांनी शिवला, आणि सुट्टीत मी त्यांच्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचे. चाची गेल्या, मुलगी परभणीला दिली, आता ते दुकानामागच्या खोलीत एकटे राहतात. नवीन कापड बेतत नाहीत, उसवलेलं शिवतात, पिशव्या शिवतात, ते हाताला पाठ आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू. शुगरच्या गोळ्या सुरू आहेत, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक. पुडीवरचे गोल त्यांना दिसेनासे झाले तेव्हा दोनदा गोळी चुकली. मुलगी हट्टाला पेटली, दुकान बंद करा आणि परभणीला चला. चाचा म्हणायचे, ‘मशीन बंद तो मैं बंद.’ तेव्हा मी त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. एवढं मोठं चित्र त्यांना स्वच्छ दिसत होतं. मुलगी थोडी शांत झाली. म्हणजे चाचांचं वडवणीत राहणं त्या दोन चित्रांवर टिकून होतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला असो नसो, मला माहीत होतं.

एकदा चाचा म्हणाले, ‘बेटा, इसमें सब मराठीच हाय. अपनी उर्दू नै क्या?’ चाचा मराठी बोलतात माझ्यापेक्षा चांगली, पण शिकले उर्दू शाळेत, वाचायचं म्हटलं की उर्दूच. मी म्हणाले, का नाही, करते की! ऑफिसात भांडून मी उर्दू घालून घेतली.

उर्दू आली की सगळी स्क्रीन उजवीकडून सुरू होते. मग पुढं जायचा बाण मागं दाखवायला लागतो. म्हणून बाणांना आरसा चालू पाहिजे आणि बाकी सगळ्यांना बंद. सूर्य-चंद्राला बंद, गोळ्यांना बंद, आप्पांच्या पुडीसारखंच राहू दे म्हटलं. मी बाईला नियम शिकवला: ज्या चित्राचं नाव ‘डावा’ किंवा ‘उजवा’ या शब्दापासून सुरू होतं तो बाण, त्याचा आरसा चालू. इथपर्यंत ठीक होतं. पण पोरं रोज नवीन बाण टाकायची आणि आरसा विसरायची, बाई रोज लाल व्हायची, आणि मला त्याचा कंटाळा आला. मी बाईला म्हणाले, जा, तूच दुरुस्त करत जा. तेव्हापासून ती नुसतं सांगेना, स्वतःच्या हातानं सेटिंग बदलायला लागली. रोज हिरवं. ऑफिसात मला पेढे मागितले सगळ्यांनी. मीही दिले, मोठ्या तोऱ्यात.

उर्दूची आवृत्ती सोमवारी बाहेर गेली. गुरुवारी सकाळी आप्पांचा फोन आला.

‘पोरी, चाचाला संध्याकाळी किती गोळ्या हायेत तुझ्या त्याच्यात?’

‘एक.’

‘मंग हितं दोन कावून दिसायल्यात?’

मी म्हणाले, चष्मा लावा. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘चष्मा लावलाय. तू ये.’

बसमध्ये बसल्यावर त्यांनी फोनवर बाकीचं सांगितलं. सकाळी शेजारचा चहावाला चाचांना चहा द्यायला गेला तर चाचा मशीनच्या स्टुलावर घामानं चिंब, हात थरथरतायत, बोलणं जडावलेलं. आप्पांनी ओळखलं, शुगर उतरली. साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरला आणलं. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. तीन दिवस चाचा सकाळी एक आणि संध्याकाळी दोन गोळ्या खात होते. संध्याकाळी जेवतात भाकरीचा चतकोर, वर दोन गोळ्या. आणि बसमध्ये मी काय विचार करत होते सांगू? की चाचांनी चुकून दोन खाल्ल्या असतील. माझी चित्रं चुकणार नाहीत, बाई हिरवी आहे. लाज वाटते आता.

दुकानात काउंटरवर चाचांचा फोन होता. मी भाषा मराठी केली. सूर्याखाली दोन, चंद्राखाली एक. बरोबर. उर्दू केली. सूर्याखाली एक, चंद्राखाली दोन. परत मराठी, परत उर्दू. सूर्य-चंद्र जागेवर होते आणि खालच्या गोळ्या उलटत होत्या. मी आप्पांच्या खुर्चीत बसले.

लॅपटॉप उघडून बाईची वही बघितली, तिनं काय काय दुरुस्त केलं ते ती लिहून ठेवते. गोळ्यांच्या सगळ्या चित्रांवर तिनं स्वतः आरसा चालू केला होता. का? कारण ती चित्रं बाण आहेत असं तिला वाटलं. का वाटलं? कारण त्यांची ही नावं मी ठेवली होती, बाईला दुरुस्ती सोपवल्यानंतर जुनी बदलून. पुण्याची पोरगी असती तर तिनं ‘औषध’ लिहिलं असतं आणि काही झालं नसतं. आमच्याकडं औषध कोण म्हणतं? दवा. आप्पा दवा म्हणतात, चाचा दवा म्हणतात, मीही घरात दवाच म्हणते. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत लागतं. दवा लिहा: डी, ए, व्ही, ए. आता डावा लिहा. तेच, डी, ए, व्ही, ए. मी बाईला सांगितलं होतं, डावा दिसला की उलट. तिनं माझं ऐकलं.

आडनाव ऐकून माणूस कोण, कुठला, कसला ते ठरवायची खोड आपल्या लोकांना आहेच, मी स्वतः त्यावर तावातावानं बोलते. आणि तीच खोड मी मशीनला लावून ठेवली होती. मला माझाच इतका राग आला की मी काउंटरवर हात आपटला. कफ सिरपच्या दोन बाटल्या पडल्या.

‘बाटल्यांनी काय केलं तुझं?’ आप्पा म्हणाले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक जुनी पुडी काढली, चाचांची. ‘आन हे बघ. तू कधी बघितलंस का?’

पुडीवर सूर्य उजव्या बाजूला होता. चंद्र डावीकडं. सूर्याखाली दोन, चंद्राखाली एक.

‘त्यो उजवीकडून वाचतो की गं. आमी त्याला तीस वर्षं असंच काढून देतोय. सूर्व्या पैला, मंग चंद्र.’

मी त्या पुडीकडं बघतच राहिले. लहानपणापासून त्या काउंटरवर बसून मी शेकडो पुड्या बघितल्या, त्यातली चाचांची वेगळी आहे हे माझ्या कधी ध्यानातही आलं नाही. म्हणजे उलटायला पाहिजेच होतं. पण दोन्ही चित्रं मिळून.

पहिलं काम मी तिथूनच केलं. ऑफिसला फोन लावून ती आवृत्ती मागं घ्यायला लावली आणि ज्या दुकानांतून उर्दू दिली होती त्या सगळ्यांना एकेक करून फोन केले. चाचा धरून नऊ माणसं निघाली. बाकी आठ जणांना सकाळ-संध्याकाळ सारख्याच गोळ्या होत्या. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

मग मी समोर गेले. चाचा खाटेवर आडवे होते आणि परभणीहून त्यांची मुलगी आली होती. मी तिला बाजी म्हणते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती माझ्याकडं बघून उठलीसुद्धा नाही. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, की चाचांची चूक नाही, फोनची नाही, माझी आहे. चित्र उलटलं, मी उलटवलं.

चाचा छताकडं बघत म्हणाले, ‘मैं तो आँख मूँदके खाया, बेटा. तेरा काम है बोलके.’

यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाजी म्हणाली, ‘झालं ना आता? पुढच्या जुम्म्याला मी गाडी घेऊन येते. तोवर तुमच्या आप्पांनी गोळ्या हातात द्याव्यात. मग अब्बा माझ्यासोबत चलतील.’ चाचांनी डोळे मिटून घेतले.

‘तोवर मी नीट करते,’ मी म्हणाले.

‘केलं तरी मी बघणार. माझ्यासमोर खातील. एक जरी चूक दिसली तर मला परत काही सांगायचं नाही.’

‘नाही सांगणार.’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सर, म्हणजे आमचे मालक, माझी वाटच बघत होते. म्हणाले, ‘मॅडम, उर्दू काढून टाका. नऊ माणसं वापरतात. नऊ जणांसाठी कशाला डोक्याला ताप?’

‘न्हाई.’ रागात असले की माझं वडवणीचं तोंड सुटतं. ‘उर्दूनं काय केलं? चूक माझ्या नियमात हाय, उर्दूत न्हाई. उद्या मराठीत चूक निघाली तर मराठी काढणार का?’

‘मग तुमची ती बाई तरी बंद करा. हातानं तपासू.’

‘हातानं तपासलं म्हणूनच तर गोळ्या राखाडी झालत्या! सर, मला पुढच्या शुक्रवारपर्यंत दुसरं एक काम देऊ नका. उर्दू राहणार, बाईपण राहणार. आणि यातून परत कुणाला काही झालं तर मी राजीनामा ठेवते.’

सर म्हणाले, ‘राजीनामा काय करायचाय, काम करा.’ आणि खरंच त्यांनी आठवडाभर मला दुसरं काम दिलं नाही.

मी बसले. सगळ्यात आधी बाईचे हात काढून घेतले. आता ती फक्त सांगते, बदलत काहीच नाही. ज्याला बदलायचंय त्यानं स्वतः बदलावं, आणि गोळ्यांच्या चित्राला हात लावला तर दोन माणसांनी बघून हो म्हणावं, त्याशिवाय ती हिरवी होत नाही. मग नावावरून ओळखणं बंद केलं. चारशेच्या चारशे चित्रं एकेक उघडून प्रत्येकासमोर मी लिहिलं, हे काय आहे: बाण, गोळी, वेळ, माणसाचं अंग. तीन दिवस लागले. माझ्या शेजारी बसणारा आमचा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, हे तर परत रजिस्टरच झालं की.’ म्हटलं, हो, पण रजिस्टर मी एकदा लिहायचं आणि बाईनं रोज वाचायचं. तुझ्यासारखं नाही, रोज लिहायचं आणि एकदाही वाचायचं नाही. तो हसला आणि चहा आणायला गेला.

ही चित्रं उघडताना मला आणखी एक सापडलं. डोळ्यात औषधाचे थेंब टाकायचं चित्र. चेहरा, आणि डाव्या डोळ्यावर थेंब. नाव डाव्यापासून सुरू होणारं, म्हणून बाईनं यालाही आरसा लावला होता. उर्दूत थेंब उजव्या डोळ्यात. ऑपरेशन डाव्याचं आणि थेंब उजव्यात! ते चित्र अजून कुणाला गेलं नव्हतं. त्याच्यासमोर मी लिहिलं, माणसाचं अंग, कधीही उलटायचं नाही.

मग जोडीचा नियम. जी चित्रं एकाखाली एक वाचायची असतात त्यांचा आरसा सारखाच पाहिजे. उलटली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. सूर्य-चंद्र आणि गोळ्या यांची जोडी लावली आणि दोघांचा आरसा चालू केला, आप्पांच्या पुडीसारखा.

एवढं करूनही माझं समाधान होईना. सेटिंग बरोबर होत्या असं मला उर्दू बाहेर गेली त्या सोमवारीही वाटलंच होतं की. चाचा सेटिंग कुठं बघतात? ते बघतात सूर्याखाली किती. म्हणून बाईलाही तेच बघायला लावलं. आता ती आतून ॲप चालू करते, प्रत्येक भाषेत गोळ्यांची स्क्रीन काढते आणि सूर्य शोधून त्याच्याखालच्या गोळ्या मोजते. मराठीत जितक्या तितक्याच उर्दूत, आणि डॉक्टरनं लिहिल्यात तितक्याच. एक कमी-जास्त झाली तर लाल. लाल झाल्यावर जी ओळ छापली जाते, ती मी हट्टानं मराठीत ठेवली: ‘सूर्याखाली किती ते आधी बघ.’

बुधवारी आणि गुरुवारी मी फक्त बाईला फसवत बसले. एक आरसा बंद केला, लाल. नाव बदलून बाणाचं ठेवलं, तरी फसली नाही. सूर्य आणि चंद्राची अदलाबदल केली, लाल. सतरा प्रकारे चुकवून बघितलं आणि सतराही वेळा तिनं मला पकडलं. शेवटच्या वेळी मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, शाब्बास बाई! शेजारचा पोरगा दचकला.

शुक्रवारी दुपारी मी वडवणीला पोहोचले तेव्हा चाचांच्या दारात गाडी उभी होती. उंबऱ्याच्या आत कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली, चाचांनीच कधीतरी शिवलेली, आणि मशीनवर चादर घातलेली. बाजी म्हणाली, ‘संध्याकाळची गोळी होईपर्यंत थांबते. मग निघणार.’ निघणार म्हणाली. बघू म्हणाली नाही.

मी चाचांच्या फोनमध्ये नवीन ॲप टाकलं. आप्पा दुकान नोकरावर सोडून आले आणि दारात उभे राहिले. चाचा मशीनच्या स्टुलावर बसले होते, फोनला हात लावत नव्हते. दिवस मावळला, मगरिबची अजान झाली, चाचांनी नमाज पढली, भाकरीचा चतकोर खाल्ला. आणि फोन वाजला.

चाचांनी फोन उचलला, चांगल्या डोळ्यापाशी नेला. बोटानं उजवीकडचा सूर्य चाचपला, तिथून बोट खाली आणलं. मग डावीकडं चंद्रावर नेलं.

‘सूरज इधर आया,’ ते आप्पांना म्हणाले. ‘तेरी पुडी के माफिक.’

‘तिनं बघितली पुडी,’ आप्पा म्हणाले.

‘सूर्याखाली किती?’ बाजीनं विचारलं.

‘दो.’

‘चाँद के नीचे?’

‘एक.’

‘आता मराठी करा.’ मी मराठी केली. सूर्य डावीकडं गेला, दोन गोळ्या त्याच्यासोबत गेल्या. ‘परत उर्दू.’ परत उर्दू केली. तिनं चार वेळा करायला लावलं, दर वेळी ती डॉक्टरची चिठ्ठी आणि फोन शेजारी धरून बघत होती. मला राग आला नाही. मीही असंच केलं असतं.

मग चाचांनी पाकीट फोडून गोळी काढली. एक. तळहातावर ठेवली. फोन बाजूला मशीनवर ठेवला आणि गोळी तशीच हातात धरून माझ्याकडं बघायला लागले. चित्राकडं नाही, माझ्याकडं.

‘एकच ना, बेटा?’

बाई हिरवी होती. सतरा वेळा फसवून बघितली होती. तरी तो क्षण मला फार अवघड गेला, कारण आता मी चुकले असले तर चाचा परत डोळे मिटून खाणार होते, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी पाकिटावरचं नाव वाचलं, चिठ्ठी वाचली, फोन बघितला.

‘एकच, चाचा.’

त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्याले. मला रडू कोसळलं, तिथंच, सगळ्यांसमोर, आवरेना. ‘रोती कायकू,’ चाचा म्हणाले, ‘दवा मैं खाया.’ आप्पा दारातून हसले. बाजीनं मशीनवरची चादर काढून तिची घडी केली, मग उंबऱ्यातली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.